नेटबँकिंग पहिल्यांदाच चालू करताय? मग चूक स्वस्तात पडेल अशी सोय आधी करा

मागच्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, एका हातात नवा फोन, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि बँकेने दिलेलं ते न उघडलेलं पाकीट. शाळेतून रिटायर झालेल्या, हिशोबाला एकदम पक्क्या. म्हणाल्या, "सगळं फोनवर करून दे बाबा, त्या ब्रँचचा जिना आता चढवत नाही. पण पैसे जायला नकोत हं." अडीच तास लागले, मधे दोन वेळा चहा झाला, आणि त्या गेल्यावर वाटलं की हे सगळं एकदा लिहूनच काढावं, कारण पुढच्या रविवारी मामा येणारेत आणि त्यानंतर ऑफिसातला नवीन पोरगा, ज्याचं आयुष्यातलं पहिलं सॅलरी अकाउंट नुकतंच उघडलंय.

मी चौदा वर्षं कोड लिहितोय, त्यातली सहा पैशांच्या देवाणघेवाणीच्या सिस्टिमवर. त्यामुळे "सावध राहा, कुणाला ओटीपी देऊ नका" या छापाचे सल्ले वाचले की मला जरा वैतागच येतो. सावध सगळेच असतात हो, फसतो तो माणूस पण सावधच असतो, फक्त त्या दिवशी त्याचं डोकं दुसरीकडे असतं. आम्ही सॉफ्टवेअर लिहिताना असं धरूनच चालतो की कुठेतरी चूक होणार, मग ती झाल्यावर नुकसान किती आणि कुठपर्यंत याचा विचार आधी करून ठेवतो. बँकेच्या बाबतीत पण तेच करायचं.

आधी माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे खाली जे सांगतोय ते पुस्तकी वाटणार नाही.

दोन वर्षांपूर्वी, हिंजवडीहून घरी येताना बस वाकडच्या पुलाखाली नेहमीसारखी अडकलेली, मी उभा, एका हाताने दांडी धरलेली. त्या दिवशी माझं खरंच एक पार्सल यायचं होतं. मेसेज आला की पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल, पुन्हा पाठवायला पाच रुपये भरा. लिंक दाबली, पान एकदम स्वच्छ, वर कुलूप, कुरिअरचा लोगो. डेबिट कार्डचा नंबर टाकला, ओटीपी आला, फोनने वरच्या वर "ओटीपी कॉपी करा" असं बटण दाखवलं, मी दाबलं आणि चिकटवला. पान म्हणालं ओटीपी चुकला, परत टाका. दुसरा आला, तो पण टाकला. आणि मग बँकेचा मेसेज: व्यवहार नाकारला, दिवसाची मर्यादा ओलांडली.

तेव्हा कुठे मी आधीचे मेसेज पूर्ण उघडून वाचले. पहिल्या ओटीपीच्या मेसेजमध्ये सरळ लिहिलेलं होतं, ९,४८० रुपये. दुसऱ्यात ३८,०००. मी फक्त सहा आकडे बघितले होते, बाकीचं वाक्य त्या कॉपीच्या बटणामुळे डोळ्यासमोर आलंच नाही. म्हणजे पेमेंटच्या सिस्टिम लिहिणारा माणूस पाच रुपयांच्या पार्सलला फसला, आणि दुसरे अडतीस हजार वाचले ते हुशारीने नाही तर दहा हजारांच्या मर्यादेमुळे, जी मी कधीतरी कंटाळा आला असताना ॲपमध्ये लावून ठेवली होती.

पहिलं काम: दोन खाती

ज्या खात्यात पेन्शन, पगार, एफडी, आयुष्याची पुंजी आहे ते खातं फोनवरच्या यूपीआयला जोडायचंच नाही. दुसरं एक साधं सेव्हिंग खातं काढा, शक्यतो दुसऱ्या बँकेत, त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा आणि यूपीआय, डेबिट कार्ड, ऑनलाइन खरेदी, लाइट बिल, रिचार्ज, सगळं त्याच्यावर. संपले की मोठ्या खात्यातून परत टाका. आपल्या आज्या दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आणि भाजीचे पैसे डब्यात ठेवायच्या, तेच हे. डबा उलटा झाला तर महिना खराब जाईल, पण घर बसणार नाही.

काकूंचा यावर पहिला प्रश्न: "दोन खात्यांचा मिनिमम बॅलन्स कोण सांभाळणार?" बरोबर प्रश्न आहे. झीरो बॅलन्सचं बेसिक सेव्हिंग खातं बँकांना द्यावं लागतं, त्यात एटीएम कार्ड पण मिळतं. फक्त त्याला एक अट असते की त्याच बँकेत तुमचं दुसरं सेव्हिंग खातं नसावं, म्हणून दुसऱ्या बँकेत काढा असं म्हटलं. काउंटरवरचा माणूस तुम्हाला दुसरंच काहीतरी विकायला बघेल, विम्यासकट, तेव्हा बेसिक सेव्हिंग हेच शब्द वापरून मागा आणि हलू नका.

या एका कामानंतर बाकी काहीच केलं नाही तरी निम्मी लढाई झाली असं माझं मत आहे.

दुसरं: सिम आणि ईमेल, कारण सगळ्या किल्ल्या तिथे टांगल्यात

बँकेचा पासवर्ड विसरलो तर काय होतं? फोनवर ओटीपी येतो किंवा ईमेलवर लिंक येते. म्हणजे ज्याच्या हातात तुमचं सिम आणि ईमेल, त्याच्या हातात बँक. लोक बँकेचा पासवर्ड देवघरातल्यासारखा जपतात आणि ईमेलचा पासवर्ड असतो पोराचं नाव आणि जन्मसाल.

ईमेलला टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक खात्री, चालू करा, सेटिंगमध्ये सिक्युरिटीखाली सापडतं. फोन पासकी (पासवर्डच्या जागी फोनच्याच लॉकने, बोटाने किंवा चेहऱ्याने आत जायची सोय) विचारत असेल तर हो म्हणा, ती चांगली गोष्ट आहे, कारण पासकी खऱ्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, नकली पानावर ती चालतच नाही, त्यामुळे तुम्ही फसलात तरी ती फसत नाही.

सिमला पिन लावा. म्हणजे फोन चोरीला गेला, चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तरी पिनशिवाय ते चालू होणार नाही. फक्त एक: पहिल्यांदा पिन बदलताना कंपनीचा मूळ पिन लागतो, तो विचारून घ्या, अंदाजाने मारत बसू नका, तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि ते उघडायला पीयूके नावाचा वेगळा कोड मागतं. मी बाबांच्या फोनवर हा पराक्रम केलेला आहे आणि त्यापायी मोबाईल कंपनीच्या गॅलरीत तासभर बसलोय.

आणि घरात सगळ्यांना रेंज आहे पण तुमच्याच फोनचं नेटवर्क तासन्‌तास गायब, असं झालं तर "टॉवर गेला असेल" म्हणून झोपू नका. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला फोन करून विचारा की माझ्या नंबरचं नवं सिम कुणी घेतलंय का. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवर बघता येतं, तिथे अनोळखी नंबर दिसला तर तक्रारीची सोय तिथेच आहे.

तिसरं: पासवर्ड, आणि बँकांबद्दल थोडं मनातलं

लांब पासवर्ड हा अवघड पासवर्डपेक्षा चांगला. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्या, भोपळा-खिडकी-उंट-तेरावा असं काहीतरी, इंग्रजी अक्षरांत टाइप करा, मधे एखादा आकडा. लक्षात राहतं आणि मशीनला फोडायला जड जातं. प्रत्येक ठिकाणी वेगळा, हे मात्र पाळाच, कारण कुठल्यातरी फडतूस शॉपिंग साइटवरून पासवर्ड फुटतात आणि मग तेच नाव-पासवर्ड मशीनने बँका, ईमेल, सगळीकडे लावून बघितले जातात. एवढे पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरा, बिटवॉर्डन फुकट आहे, फोनमधला पण चालतो. काकूंना मात्र मी वही दिली. हो, कागदाची वही. कपाटातल्या वहीपर्यंत पोचणारा चोर घर फोडून यावा लागतो, आणि तो आलाच तर वही सोडून टीव्ही नेईल.

आता मनातलं. एका बँकेच्या साइटवर, नाव सांगत नाही, पासवर्ड ८ ते १२ अक्षरांचाच लागतो, चिन्हं ठरलेली चारच चालतात, आणि पेस्ट बंद. हे बघून माझ्यातला प्रोग्रामर कळवळतो. का ते सांगतो. नीट लिहिलेली सिस्टिम तुमचा पासवर्ड साठवतच नाही, त्याचा हॅश साठवते, म्हणजे पीठ. पिठावरून गहू परत करता येत नाहीत, आणि या गिरणीची गंमत अशी की मूठभर गहू टाका नाहीतर पोतंभर, पीठ बाहेर येतं ते वाटीभरच, ठरलेल्या मापाचं. मग बारा अक्षरांची मर्यादा कशाला? वीस-तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी जुन्या सिस्टिमची ती खूण असते आणि तिला हात लावायला कुणी तयार नसतं. पेस्ट बंद केल्याने चोर थांबत नाही, पासवर्ड मॅनेजर वापरणारा शहाणा माणूस तेवढा थांबतो आणि कंटाळून सोपा पासवर्ड ठेवतो. दर ९० दिवसांनी बदला ही सक्ती पण तशीच, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की फुटल्याची शंका असेल तर बदलायला लावा, उगाच मुदत संपली म्हणून नको, कारण माणसं शेवटी फक्त १ चा २ करतात. तुमची बँक अशी असेल तर तुमच्या हातात फार काही नाही, बाराच्या बारा अक्षरं वापरा आणि वहीत लिहा.

चौथं: फोन

बँकेचं ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून, आणि ते सुद्धा बँकेच्या खऱ्या साइटवर दिलेल्या लिंकवरून गेलात तर उत्तम. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके नावाची, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल कधीच इन्स्टॉल करायची नाही. चलन भरा, गॅसचं बिल अपडेट करा, लग्नाला यायचं हं, काहीही नाव असतं. लग्नपत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, लग्नपत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही.

असं ॲप नेमकं करतं काय? आत गेल्यावर दोन परवानग्या मागतं. एक एसएमएसची, म्हणजे ओटीपी आला की तुमच्याआधी ते वाचणार आणि पुढे पाठवणार. दुसरी ॲक्सेसिबिलिटीची, ही खरी घातक. ही सोय मुळात दृष्टिहीन लोकांसाठी केलेली, स्क्रीनवरचं सगळं वाचायला आणि त्यांच्या वतीने बटणं दाबायला. ती चोराच्या ॲपला दिली की फोन तुमच्या हातात आणि बोटं त्याची. आत्ता सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि बघा कुठल्या ॲपला दिलीय, ओळखीचं नसेल ते बंद. स्क्रीन शेअर करणारी ॲप, एनीडेस्क वगैरे, वाईट नाहीत, आम्ही ऑफिसात रोज वापरतो, पण फोनवरचा अनोळखी माणूस ते टाकायला सांगतोय म्हणजे त्याला तुमचा स्क्रीन बघायचाय.

ज्या जुन्या फोनला सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालंय त्यावर बँक नको. गाणी ऐका त्यावर.

पाचवं: मर्यादा आणि बटणं (ही पायरी वगळू नका, मला हिनेच वाचवलं)

बँकेच्या ॲपमध्ये कार्डच्या भागात जा. तिथे एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, परदेश, कार्ड टेकवून पैसे, या सगळ्यांची वेगवेगळी चालू-बंद बटणं आणि मर्यादा असतात. ही मेहेरबानी नाही, रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या बँकांना हे द्यायला लावलंय. परदेशी व्यवहार बंद करा, कारण बाहेरच्या बऱ्याच साइट ओटीपी मागतच नाहीत, कार्ड नंबर आणि मागचे तीन आकडे मिळाले की काम झालं. ऑनलाइनची मर्यादा पाच-दहा हजार. टीव्ही घ्यायचा असेल त्या दिवशी वाढवा, घेतला की परत खाली. नेटबँकिंगच्या ट्रान्सफरची मर्यादा पण अशीच खाली आणा. ॲपमध्ये लाखाची मर्यादा आहे म्हणून ती लाखावरच ठेवायला पाहिजे असं काही नसतं.

यात यूपीआय लाइट पण घ्या, म्हणजे यूपीआय ॲपमधलंच छोट्या खर्चाचं पाकीट. भाजीवाला, रिक्षा, वडापाव यासाठी हजारापर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात आणि त्यात एका वेळी पाच हजारांच्या वर ठेवताच येत नाहीत. दिवसाला दहा वेळा मंडईत लोकांसमोर पिन टाकायचा प्रकार थांबतो.

आधारची बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आधारच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. अंगठ्याच्या ठशावर पैसे काढायची सोय बँकांमध्ये आहे, आणि आपले ठसे कुठल्या कुठल्या कागदांवर आणि मशीनवर पडलेत कुणाला माहीत. लागेल तेव्हा उघडता येतं.

सहावं: वेबसाइटचा पत्ता वाचायला शिका

पुण्यात पत्ता कसा लिहितात? अमुक वाडा, तमुक गणपतीजवळ, सदाशिव पेठ, पुणे ३०. पोस्टाच्या वर्गवारीत मात्र आधी शेवटचा पिनकोड बघतात, ४११०३०. तुम्ही पहिल्या ओळीत "शनिवारवाड्यासमोर" लिहिलं आणि पिनकोड नागपूरचा टाकला तर पत्र नागपूरला निघणार.

वेबसाइटचं तसंच. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. "माझीबँक डॉट कॉम डॉट केवायसीअपडेट डॉट एक्सवायझेड" हा पत्ता माझ्या बँकेचा नाही, तो केवायसीअपडेट डॉट एक्सवायझेड नावाच्या कुणाचा तरी आहे आणि त्याने पहिल्या ओळीत शनिवारवाडा लिहिलाय. फोनवर तर पत्त्याचा पुष्कळदा थोडासाच भाग दिसतो, म्हणून बोट लावून पूर्ण बघा.

आता यात एक खरंच चांगलं काम झालंय. रिझर्व्ह बँकेने बँकांना डॉट बँक डॉट इन या शेपटीवर यायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. ही शेपटी कुणालाही विकत मिळत नाही, हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था फक्त बँकांनाच देते. म्हणजे पिनकोडच राखीव ठेवला. हे दहा वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं असं मी म्हणेन, पण असो, झालं. तुमच्या बँकेचा हा पत्ता एकदा पासबुकावरून किंवा ब्रँचमधून खात्री करून बुकमार्क करा आणि पुढे कायम तिथूनच जा. गूगलवर बँकेचं नाव टाकून पहिल्या लिंकवर जाऊ नका, पहिली लिंक जाहिरात असू शकते. कस्टमर केअरचा नंबर तर गूगलवर शोधायचाच नाही, तो कार्डाच्या मागे छापलेला असतो.

आणि ते कुलूप. कुलूप म्हणजे साइट प्रामाणिक आहे असं नाही. तुमचं आणि समोरच्याचं बोलणं मधल्या तिसऱ्याला ऐकू जात नाही, एवढाच त्याचा अर्थ, मग समोरचा चोर का असेना. त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट आता फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, चोरांना पण मिळतं. लोकांचा हा गैरसमज इतका पक्का झाला होता की क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपाचं चित्रच काढून टाकलं.

सातवं: यूपीआयचा पिन आणि ओटीपीचं वाक्य

पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर पण स्कॅन करावा लागत नाही. पिन फक्त पैसे जाताना आणि बॅलन्स बघताना. जुना सोफा विकायला काढलात आणि गिऱ्हाईक म्हणालं "काका, मी क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, तुम्हाला पैसे येतील", तर सोफा राहू द्या घरातच. पूर्वी "पैसे मागणारी" विनंती पाठवून लोकांना असंच लुटायचे, ती व्यक्तीने व्यक्तीला पैसे मागायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. माझ्या मते यूपीआयची मूळ रचना फार चांगली आहे, ॲप सुरू करताना फोन गुपचूप एक एसएमएस पाठवून हे सिम याच फोनमध्ये आहे ना ते तपासतो, नुसता पिन चोरून दुसऱ्या फोनवरून काही करता येत नाही. चोराला म्हणून तुमच्याच बोटांनी पिन टाकून घ्यावा लागतो, आणि त्यासाठीच ती सगळी नाटकं.

ओटीपीचं: मेसेज पूर्ण उघडा, आधी रक्कम वाचा, मग नाव, मग आकडे. कॉपीचं बटण वापरायचं नाही. मी आता वापरत नाही, बायको हसते, हसू दे.

आठवं: फोन आला तर

बँकेचे सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यावेत अशी व्यवस्था आता झालीय. दहा आकडी साध्या मोबाईलवरून "बँकेतून बोलतोय" आलं की समजा. पण नंबर लक्षात ठेवण्यापेक्षा सोपं म्हणजे: कुणीही असो, "मी परत फोन करते" म्हणायचं, ठेवायचा, आणि कार्डाच्या मागच्या नंबरवर आपण लावायचा. खरा बँकवाला चिडत नाही. चिडला, घाई केली, "फोन ठेवलात तर खातं ब्लॉक होईल" म्हणाला, की उत्तर मिळालं.

यात बँकांचा दोष मोठा आहे बरं का. एकीकडे जाहिरात करतात की कुणाला माहिती देऊ नका, आणि दुसरीकडे त्यांचाच माणूस क्रेडिट कार्ड विकायला फोन करून पहिल्याच वाक्यात "व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगा" म्हणतो. लोकांना सवय कुणी लावली मग?

आणि तो पोलिसांच्या वेशातला व्हिडिओ कॉल, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्ट आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. असली अटक कायद्यात नाहीच, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये स्वतः हे सांगितलं होतं. तरी लोक घाबरतात, शिकलेले घाबरतात, कारण आयुष्यभर कायद्याला मान देऊन वागलेल्या माणसाला "चौकशी" हा शब्दच पुरतो. काकूंना मी सांगितलं, असा कॉल आला की फोन टेबलावर उलटा ठेवायचा आणि जिना चढून माझ्याकडे यायचं. मी नसलो तर समोरच्यांकडे. एकटं बसायचं नाही, त्यांना तेच हवं असतं.

आता कुणी म्हणेल की एवढं सगळं आम्हीच करायचं, बँक हॅक झाली तर? होते ना. आपल्याच पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी गेले. चोरांनी ग्राहकांचे पासवर्ड चोरले नव्हते, एटीएमच्या विनंत्यांना हो-नाही म्हणणारी जी यंत्रणा असते तिच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली, ती प्रत्येक विनंतीला हो म्हणत सुटली आणि त्यातले बहुतेक पैसे २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर निघाले. तो तोटा बँकेचा होता. पण बघा, त्यासाठी टोळी लागली, इतक्या देशांत माणसं उभी करावी लागली, पुष्कळ तयारी लागली. काकूंना फोन करायला एक सिम आणि गोड आवाज लागतो. म्हणून रोजचा धंदा काकूंवर चालतो.

गेलेच पैसे, तर पहिल्या तासात

लाज वाटेल, घरच्यांना सांगावंसं वाटणार नाही. ते नंतर. आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. लागला नाही तर लावत राहा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करून घ्या. घाई अशासाठी की पैसे चोराच्या एका खात्यात थांबत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या भाड्याच्या खात्यात फिरतात आणि मग एटीएममधून काढले जातात, १९३० वाले मधल्या खात्यात ते गोठवायचा प्रयत्न करतात, आणि गोठवायला तिथे काहीतरी शिल्लक पाहिजे ना. व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, आणि बँकेला लेखी, पोच घेऊन.

रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम माहीत असू द्या. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत तर तुमचं नुकसान शून्य धरायचं, बँकेने दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर ठराविक मर्यादेपर्यंत बोजा. पण ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचाच, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून माझे ९,४८० माझ्याच माथी बसले, आणि नियमाने ते बरोबर आहे. बँकेने तक्रारीवर तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ऑनलाइन, फुकट, वकील लागत नाही.

आणि एक राहिलंच. माझ्या त्या तक्रारीनंतर चौथ्या दिवशी फोन आला. "सर, सायबर सेलमधून बोलतोय, तुमची अमाउंट रिकव्हर झालीय, रिलीज करायला एक छोटं ॲप टाकावं लागेल." एकदा फसलेल्या माणसाला परत असा फोन येतोच येतो, तो पैसे परत मिळवायला उतावीळ असतो ना. मी विचारलं, कुठल्या सेलमधून बोलताय? म्हणाला, "पूना हेड ऑफिस." म्हटलं कुठेशी आलं हे? थोडा वेळ शांतता, मागे कुणाशी तरी कुजबुज, आणि मग ठामपणे, "पूना स्टेशन के सामने, सर." मी म्हटलं थांबा, तिथेच आहे, येतो. फोन कट.